तळं निवळलं त्या वर्षी

माझं माहेर भीमेच्या काठचं, दौंडच्या खालच्या अंगाला. पावसाळ्यात नदी काठ सोडून आमच्या वावरात यायची, मनाला येईल तितके दिवस मुक्काम ठोकायची आणि जाताना गाळाची मऊ काळी मळई मागे ठेवून जायची. वडील त्या मळईत पाय रुतवून उभे राहायचे आणि त्या वर्षीचं पीक तिथंच त्यांच्या डोळ्यांपुढे यायचं. जमिनीला खायला घालावं लागतं, ही गोष्ट मला लग्न होईपर्यंत माहीतच नव्हती. जमीन आणि नदी आपलं आपण बघून घेतात, अशी माझी समजूत होती.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. मला शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या बाजूला एका वस्तीवर दिलं. सातवी पास पोरगी, नदीकाठची, म्हणून मी जरा तोऱ्यातच गेले. दुसऱ्या दिवशी धुण्याचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "नदी कुठं हाय?" हे हसले. म्हणाले, "तळं हाय की."

ते तळं बघून मला रडू आलं. वर मुरमाड माळ, त्याच्या पायथ्याशी कुठल्याशा जुन्या दुष्काळात लोकांनी घातलेला मातीचा बांध, आणि बांधाच्या आत हिरवंगार, दाट पाणी. दुधावर धरते तशी त्यावर शेवाळाची साय धरलेली. प्यायला बांधाखाली विहीर होती म्हणून बरं, पण धुणं त्याच पाण्यात. पांढरं लुगडं तळ्यावर नेलं की हिरवट होऊन घरी यायचं. पहिल्या दिवाळीला माहेरी गेले तेव्हा आईला म्हटलं, "तुम्ही मला डबक्यात दिलंय." आई म्हणाली, "डबकं तर डबकं, नांद." आमच्या आईला लांबण लावायची सवय नव्हती.

सासर मूळचं मेंढ्यावाल्यांचं. सासऱ्यांनी, त्यांना आम्ही सुना मामा म्हणायचो, तळ्याखाली जमीन धरून घर बांधलं होतं, पण कळप सोडला नव्हता. शेती आमच्या यांच्याकडे आणि मेंढ्या थोरल्या दिरांकडे. दिवाळी झाली की थोरले दीर आणि माझी जाऊ कळप घेऊन घाट उतरायचे आणि कोकणात जायचे. तिथले शेतकरी आपल्या भातखाचरांत रात्री मेंढ्या बसवून घ्यायचे. मेंढ्यांच्या लेंड्यांनी आणि मुतानं जमीन तयार व्हायची, त्याबदली ते धान्य द्यायचे. ज्येष्ठ लागायच्या सुमाराला कळप परत यायचा आणि पावसाळाभर आमच्या माळावर राहायचा.

जावेला मी आक्का म्हणायचे. उंच, सडपातळ, उन्हानं करपलेली बाई. तिची चाल अशी की तिच्याबरोबर विहिरीपर्यंत जायचं तरी मला धाप लागायची. पायात जाड, खिळे मारलेल्या वहाणा. तिचं पहिलं मूल घाटात गेलं होतं, वाटेवरच, आणि ते तिथंच पुरून तिला कळपाबरोबर पुढं चालावं लागलं होतं. हे मला तिनं नाही सांगितलं, यांनी सांगितलं. ती दर वर्षी घोडीवर बिऱ्हाड लादायची, मडकी बांधायची, उंबऱ्याला हात लावायची आणि निघायची. मी डोळे पुसत उभी असायची आणि ती मला म्हणायची, "तुला गं काय झालं? जायचं मला हाय."

त्या हिरव्या डबक्याची किंमत मला उन्हाळ्यात कळली. पाणी मागं हटायला लागलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात बाया काकडी, दोडकी, भोपळे लावायच्या. त्याला गाळपेर म्हणायचे. हे काम माझ्या हातातलं, मी नदीकाठची. बी टोचायचं आणि घरी यायचं, बास. वेल असे पसरायचे की पाय ठेवायला जागा नसायची. वस्तीवरच्या ज्या बाया माझ्या सातवीला नाकं मुरडायच्या, त्या माझ्या काकड्यांपुढे गप्प झाल्या.

मग तळं पुरतं आटलं की गाळ काढायचा. अख्खी वस्ती टिकाव, फावडी, पाट्या घेऊन तळ्यात उतरायची. वरची भेगाळलेली ढेकळं उचलली की खाली काळा, कुजकट वासाचा, लोण्यासारखा गाळ. रीत अशी होती की घरातल्या थोरल्या सुनेनं पहिली पाटी उचलायची, हळदकुंकू लावून. आमची थोरली सून तेव्हा कुठंतरी घाट चढत असायची, म्हणून तिच्या वतीनं मी उचलायचे. मामा म्हणायचे, "थोरलीच्या नावानं उचल, आन् जपून, सोनं हाय त्ये." बैलगाड्या भरभरून तो गाळ तळ्याखालच्या वावरात पडायचा. ते वावर मूळचं माळासारखंच मुरमाड होतं. मामांनी आयुष्यभर गाळ टाकून टाकून त्याला काळं केलं होतं. त्यातला शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, एवढा उंच यायचा की माणूस आत शिरला तर नुसती ताटं हललेली दिसायची. घरादाराची भाकरी त्या एका वावरावर होती.

आक्काला मुलगी झाली. ती चालायला लागली त्या वर्षी कळप घाट चढून परत आला, तेव्हा पोर तापानं फणफणलेली होती. आक्कानं तिला मामांच्या पुढ्यात ठेवलं. पोर वाचली. पण मामा रोज तिच्या उशाशी बसून असायचे आणि ती उठून हिंडाफिरायला लागली त्या दिवशी ते म्हणाले, "बास. औंदा मेंढरं इकायची. तळ्याचा गाळ हाय तवर आपल्याला काय कमी न्हाई. एक गाडी आनखी घिऊ, गाळ जास्त वढू."

दिवाळीच्या आधी कळप गेला. आमचं बघून वस्तीतल्या बाकीच्यांनीही मागोमाग मेंढ्या विकल्या. थोरले दीर कितीतरी दिवस सकाळी काठी घेऊन माळावर जायचे आणि दुपारी तसेच परत यायचे. आक्का मात्र बदलून गेली. तिनं दारात तुळस लावली. चुलीला नवं मातीचं पोतेरं दिलं, पडवीत पोरीसाठी झोका बांधला, मला म्हणाली, "आता तुझं काय खरं न्हाई. थोरली घरात आली." खरंच तिनं मला कामाला लावलं. पण तिनं आपल्या वहाणा टाकल्या नाहीत. पडवीतल्या खुंटीला टांगल्या आणि दिवाळीच्या दिवाळी त्यांना तेल लावत राहिली. मी एकदा चिडवलं, "आक्का, खुंटी चालनार हाय का कुठं?" ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं." पुढं मी विचारलं नाही.

पुढच्या पावसाळ्यानंतर तळं निवळलं. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, मग सगळ्यांच्याच आलं. शेवाळाची साय धरेना. काठावर उभं राहिलं की तळातले खडे दिसायचे. मी आयुष्यात इतकी खूश झाले नव्हते. माझं पांढरं लुगडं पांढरंच घरी यायला लागलं. माहेराहून आईला मुद्दाम बोलावून तळ्यावर नेलं, म्हटलं, बघ, कसं आरशासारखं पाणी हाय. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला बांधावर नेऊन दाखवायचे. "मेंढरं गेली, घाण गेली," असं कुणीतरी म्हणालं आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. पाणकोंबड्या कमी झाल्या, मासे पूर्वीसारखे गावेनात, रात्री बेडकांचा गलका होईना. तेही आम्हाला बरंच वाटलं. गलका कुणाला हवा असतो?

पहिला उन्हाळा निघून गेला, कारण खाली जुना गाळ होता. आता पहिली पाटी आक्कानं स्वतः उचलली आणि मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण त्यानंतर गाळ निकस होत गेला. पिवळट, चिकट, बिनवासाचा. हातात घेतला की कुंभाराच्या मातीसारखा. वावरात टाकला तर पाऊस पडून गेल्यावर त्याची खपली धरायची. शाळू कमरेएवढा येऊन थांबला. मामा म्हणाले, वरचाच गाळ हलका असंल, खोल खणा. खोल खणलं, तिथं नुसती पांढरट माती लागली. यांनी शिरूरहून सरकारी खताची एक गोणी आणून टाकली, तर नेमकी पावसानं ओढ दिली आणि होतं तेही करपलं. भाकरी पातळ झाल्या. मामा जेवता जेवता उठायला लागले.

मग एका संध्याकाळी, सगळे जेवत असताना, यांनी विषय काढला. तेही घाबरत घाबरतच बोलले. "मामा," हेही वडिलांना मामाच म्हणायचे, "थोड्या मेंढ्या पुन्यांदा घ्याव्यात का? दादा गेला कोकणात तर घरात धान्य तरी यील." दादा म्हणजे थोरले दीर. दिरांचा चेहरा उजळला, मी पाहिला. आक्का तव्यावर भाकरी टाकत होती. तिचा हात तसाच थांबला आणि भाकरी एका बाजूनं काळी झाली. दीर एकटे जाऊ शकत नव्हते. वाड्यावर, म्हणजे मेंढ्यांच्या तळावर, बाई लागतेच. कोकरं सांभाळायची, भाकऱ्या करायच्या, बिऱ्हाड हलवायचं. पोर शाळेत जायला लागली होती, पाटीवर स्वतःचं नाव लिहायला लागली होती. आक्कानं मान वर करून खुंटीकडे पाहिलं. मला तेव्हा त्या तेल लावलेल्या वहाणांचा अर्थ कळला: कधीतरी पुन्हा निघावं लागेल, हे ती धरूनच होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तळ्यात गेलो. माझे काकडीचे वेल पिवळे पडून जमिनीला चिकटले होते. मला सगळ्या जगाचा राग आला होता, तो मी त्या वेलांवर काढत होते, उपटून उपटून फेकत होते. आक्का एका दगडावर बसून ढेकूळ फोडत होती. म्हणाली, "आधी काय घालायचीस गं ह्यास्नी?"

"काय बी न्हाई. आपाप यायच्या."

"न्हाई गं. आधी ढेकूळ फोडलं की मधी लेंड्या दिसायच्या. थराथरानं. पावसानं वाहून आलेल्या. आता हाय का एक तरी?"

मी दोन-चार ढेकळं फोडली. एकही नव्हती.

आक्का माळाकडे बघत बसली. पावसाळ्यात काळ्या वावरात चिखल, तिथं मेंढीचं खूर कुजतं, म्हणून कळप रात्री मुरमाच्या माळावर बसायचा. दिवसभर चार शिवारांतलं गवत, धसकटं, कडबा खायचा आणि रात्री तळ्याच्या वरच्या अंगाला येऊन टाकायचा. सर आली की ओघळीनं ते सगळं तळ्यात. त्याचंच ते शेवाळ, त्याच्यावरच मासे आणि बेडूक, ते सगळं मरून, कुजून खाली बसलं की तोच काळा गाळ, आणि गाळाचा शाळू, शाळवाचा कडबा, कडबा पुन्हा मेंढीच्या पोटात. मी हे आज जुळवून जुळवून लिहिते आहे. आक्कानं ते एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "कोकनातल्या लोकांसंगं एकेका रातीच्या धान्यावरनं मी भांडलीय. लेंडीला मोल हाय, म्हंजी हायच. आन् आपल्या माळावर पावसाळाभर मेंढरं बसायची, त्याचं धान्य कुनी देत नव्हतं, म्हनून त्ये आपन धरलंच न्हाई." मग ती हसायला लागली.

त्या दिवशी आक्का सासऱ्यांच्या समोर उभी राहून बोलली. डोईवरचा पदर नीट केला, पण आवाज खाली केला नाही. तिनं गाळाचं ढेकूळ त्यांच्या पुढ्यात फोडलं, सगळं सांगितलं आणि म्हणाली, "मामा, मेंढरं आपली असायला पायजेत असं न्हाई. पावसाळ्यात कुनाचा तरी कळप माळावर बसवून घ्या. आपन धान्य देऊ."

मामा मेंढ्यांत जन्मलेला माणूस. त्यांना लेंडीचं काय सांगायचं होतं? ते ढेकळाकडे एकदा बघून सगळं समजले होते. पण पुढची गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरेना. चेहरा लाल झाला. म्हणाले, "आपन बसवनारी मानसं, पोरी. बसवून घेनारी न्हाई. माझ्या दारात दुसऱ्याचं मेंढरू बसवायचं आन् त्येला मी धान्य मापायचं? लोक तोंडात श्यान घालतील."

आक्का म्हणाली, "मग मी जाते. वहाना खुंटीलाच हाईत."

ती हे भांडून म्हणाली नाही. साधंच म्हणाली, आणि तेच मामांना लागलं. त्यांनी खुंटीकडे पाहिलं. त्या वहाणा इतकी वर्षं त्यांच्या डोक्यावर टांगलेल्या होत्या, पण त्यांचा अर्थ बहुतेक त्यांनाही त्याच घडीला कळला. ते उठून बाहेर ओट्यावर गेले आणि जेवायला आत आले नाहीत. पोर ताट घेऊन गेली तेव्हा तिच्या हातून दोन घास खाल्ले.

सकाळी मामा घरात नव्हते. पागोटं नव्हतं, काठी नव्हती. आम्ही घाबरलो. हे न्हावऱ्यापर्यंत जाऊन आले, दीर कोरेगावच्या वाटेला लागले, पत्ता नाही. काही दिवसांनी मामा आले ते कळपाच्या पुढं चालत. घाट चढून परतणाऱ्या एका कळपाला त्यांनी वाटेत गाठलं होतं. मागं धुळीचा लोट, घोडी, कुत्री आणि एक तरुण जोडपं. बाईच्या काखेत मूल. मामांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू मेंढ्या त्यांच्याच आहेत आणि ते नुकतेच कोकणातून येत आहेत. दारात येऊन ते आक्काला म्हणाले, "माळ दाखव ह्यास्नी. कुठं बसायचं त्ये तुला ठावं." लोक तोंडात शेण घालतील म्हणत होते, पण पुढच्याच पावसाळ्यात शेजारचे मामांकडे येऊन विचारू लागले की आम्हालाही एखादा कळप मिळेल का.

नवरात्रात तळ्यावर शेवाळाची बारीक साय धरलेली दिसली. मी धुणं तसंच टाकून घरी पळत आले आणि आक्काला हाताला धरून तळ्यावर नेलं. माझं लुगडं पुन्हा हिरवट व्हायला लागलं आणि मी हसत होते. रात्री बेडूक असे कोकलले की मामा अंथरुणात उठून बसले, म्हणाले, "वरडा, वरडा." पुढं दोन-तीन उन्हाळ्यांत गाळ काळा झाला, वावर सावरलं आणि कोकणात जायचा विषय आमच्या घरातून निघून गेला. आजही कुठं शेवाळलेल्या पाण्याचा तो कुजकट वास आला की मला माहेर नाही आठवत, ते तळं आठवतं आणि जीव कासावीस होतो. आता तिथं उसाला पाटाचं पाणी आणि गोणीतलं खत आहे. गाळ काढायला कुणी उतरत नाही.

पण मला खरी आठवते ती दुसऱ्याचा कळप माळावर बसला त्या पहिल्या वर्षाची, दिवाळी सरल्यावरची गोष्ट. कळप निघायच्या सकाळी मेंढ्यावाल्याची बायको धान्य न्यायला दारात आली. मामांनी स्वतः मापानं धान्य घातलं, प्रत्येक मापाला वर शीग ठेवून. बाईच्या वहाणांचा एक अंगठा तुटला होता, तिथं सुतळी बांधली होती. आक्का तिच्या पायांकडे बघत उभी होती. मग ती आत गेली, खुंटीवरच्या वहाणा काढल्या आणि तिच्यापुढे ठेवल्या. "घालून बघ." त्या बाईच्या पायात त्या नीट बसल्या. ती लाजली, आक्काच्या पायाला हात लावला, मूल काखेत घेतलं आणि निघाली. तिची चाल थेट आक्काची होती.

संध्याकाळी पोर शाळेतून आली आणि पाटीची पिशवी भुईवर टाकून खेळायला पळाली. आक्कानं ती उचलून मोकळ्या खुंटीला अडकवली. मग चुलीपुढं येऊन बसली आणि बराच वेळ काटकी मोडत राहिली. मला म्हणाली, "तिच्या पोराला मी काहीच दिलं न्हाई गं. घाट तर त्येला बी हाय."

आणि ती रडायला लागली. इतकी वर्षं घर सोडून जाताना जी कधी रडली नव्हती, ती त्या दिवशी घरात बसून रडली.